जुन्या गोव्याचीं ख्रिस्तमंदिरें व त्यांतील कलाकृति

पुस्तकांत वाचलेली गोष्ट डोळ्यांनीं पाहिली म्हणजे तिचें ज्ञान पक्कें होतें, हें सर्वांस मान्य आहे. परंतु नुसतें पाहणें म्हणजे शिकणें नव्हे. प्रवासाहून परतलेल्या माणसास, "काय पाहिलेंत ?" म्हणून विचारावें, तों तो गर्दीचें, जेवणाचें व भाड्याचें वर्णन करूं लागतो, असा आपला नित्याचा अनुभव आहे. म्हणून गेल्या दिवाळीच्या सुटींत आमच्या शाळेचे अडतीस विद्यार्थी व विद्यार्थिनी घेऊन आम्ही जुन्या गोव्यास गेलों, त्यापूर्वीं आठ दिवस आम्हीं वर्गांत त्या स्थळाचा अभ्यास घेतला. त्या अभ्यासाचा व प्रत्यक्ष पाहणीचा सारांश येथें देत आहों. जे आले नाहींत त्यांस तो उपयोगी पडावा, आणि जे आले त्यांच्या आईबापांस आपलीं मुलें काय पाहून आलीं हें कळावें, इतकाच आमचा हेतु.

१. निघण्यापूर्वीं

प्रथम "मध्ययुगीन" या शब्दाचा अर्थ पाहूं. युरोपच्या इतिहासांत मध्ययुग साधारणपणें इ. स. १५०० च्या सुमारास संपलें असें मानतात. आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत मात्र बहामनी, निजामशाही, आदिलशाही व मोंगलाई यांचा काळ मध्ययुगांतच धरतात. त्यामुळें जुन्या गोव्याचीं ख्रिस्तमंदिरें आपल्या मापानें मध्ययुगीन ठरतात. युरोपच्या मापानें त्यांतील अगदीं जुना भाग तेवढा मध्ययुगाच्या अखेरच्या शैलीचा आहे. एकाच इमारतीस दोन मापें कां लागावीं, असा प्रश्न एका विद्यार्थिनीनें विचारला. याचें उत्तर असें कीं, ती इमारत दोन इतिहासांच्या सीमेवर उभी आहे.

त्यांपैकीं एका इतिहासाशीं आपल्या नगरचा निकटचा संबंध आहे. इ. स. १४९० मध्यें निजामशाही स्थापन झाली, आणि त्यानंतर वीस वर्षांनीं, ता. २५ नोव्हेंबर १५१० रोजीं, आफोन्सो द आल्बुकर्क यानें विजापूरच्या आदिलशहापासून गोवें शहर जिंकून घेतलें. पुढें १५७०-७१ सालीं मुर्तजा निजामशहानें चौलास व अली आदिलशहानें गोव्यास एकाच वेळीं वेढा घातला. परंतु दोघांसहि यश आलें नाहीं. म्हणजे आज अहिल्यानगर म्हणविणाऱ्या आपल्या शहरांतून निघालेल्या फौजा ज्यांच्याशीं लढल्या, त्याच लोकांनीं बांधविलेलीं मंदिरें पाहण्यास आम्ही निघालों होतों.

२. टेकडीवरील रोझरी मातेचें मंदिर

मांडवी नदीच्या कांठीं एका टेकडीवर हें मंदिर आहे. आल्बुकर्कनें याच टेकडीवरून १५१० ची लढाई पाहिली अशी परंपरा आहे. मंदिराचें बांधकाम १५४० नंतरच्या दशकांतलें. बाहेरून पाहतां तें एखाद्या लहान किल्ल्यासारखें दिसतें. भिंती जाड, खिडक्या उंचावर, कोपऱ्यांस गोल बुरुजांसारखे मनोरे. ज्या काळीं उपासना करणाऱ्यांस शत्रूची भीति सदैव होती, त्या काळाची खूण त्या भिंतींवर राहिली आहे.

या शैलीस पोर्तुगालचा राजा मॅन्युएल याच्या नांवावरून "मॅन्युएलाइन" म्हणतात. युरोपांतील मध्ययुगीन गॉथिक शैलीचें तें पोर्तुगालमधील अखेरचें रूप. दर्यावर्दी लोकांच्या शैलींत समुद्राच्या खुणा असणें साहजिकच आहे. दगडांत कोरलेला जहाजाच्या दोरखंडाचा पीळ ही तिची मोठी ओळख. मुलांनीं तो पीळ आपण होऊन शोधून काढला, यानें आम्हांस फार समाधान वाटलें.

आंत गार्सिया द सा या गव्हर्नराची कबर आहे. तो १५४९ सालीं वारला. त्याची पत्नी कातारीना हिचें स्मारक भिंतींत आहे, आणि आमच्या मतें साऱ्या जुन्या गोव्यांत विद्यार्थ्यांनीं अवश्य पाहावी अशी ही वस्तु आहे. स्मारक पोर्तुगीज स्त्रीचें, लेख पोर्तुगीज भाषेंतला, पण कोरीवकाम गुजरातच्या धाटणीचें ! नाजुक पानाफुलांची ती नक्षी पाहून एक मुलगा म्हणाला, "सर, हें तर आपल्या दमडी मशिदीसारखें आहे." त्याचें म्हणणें अगदींच वावगें नव्हतें. नगरची दमडी मशीद १५६७ ची. दोहोंचा काळ जवळजवळ एकच, आणि दगडावर हात चालविणारे कारागीर याच देशांतले. धनी बदलला तरी छिन्नी तीच राहिली.

३. असीसीच्या संत फ्रान्सिसचें मंदिर

टेकडी उतरून आम्ही या मंदिरापाशीं आलों. सध्यांची इमारत १६६१ ची आहे; परंतु जुन्या मंदिराचा काळ्या दगडाचा दरवाजा नव्या इमारतींत जसाच्या तसा राखून ठेविला आहे. त्यावर राजा मॅन्युएलचें चिन्ह, म्हणजे खगोलयंत्राचा गोल, कोरलेलें आहे. दीडशें वर्षांनंतर बांधणाऱ्यांनीं सर्व नवें केलें, पण पूर्वजांचें दार मोडलें नाहीं, ही गोष्ट जुनें घर पाडून नवें बांधणाऱ्या प्रत्येकानें लक्षांत ठेवण्याजोगी आहे.

आंत वेदीच्या दोहों बाजूंस संत फ्रान्सिसच्या चरित्रांतील प्रसंग लाकडी फळ्यांवर रंगविलेले आहेत. श्रीमंत व्यापाऱ्याचा हा मुलगा सर्वस्व टाकून दरिद्री झाला, ती कथा तेथें क्रमानें पाहावयास मिळते. ज्या काळीं बहुतेक लोक निरक्षर होते, त्या काळीं भिंत हेंच पुस्तक होतें. मुख्य वेदी लाकडी नक्षीची असून सोन्याच्या मुलाम्यानें झळकत आहे. पायांखालीं पाहावें तों साऱ्या जमिनीवर कबरींचे दगड. कोणाचें कुलचिन्ह, कोणाचा लेख, आणि पुष्कळ अक्षरें येणाऱ्याजाणाऱ्यांच्या पायांनीं झिजलेलीं. एका मंदिरांत भिंतीवर दारिद्र्याची कथा, समोर सोनें, आणि पायांखालीं मृत्यु ! या तिहींचा मेळ कसा घालावा, हा प्रश्न आम्हीं मुलांस घातला व उत्तर त्यांच्यावरच सोडलें.

४. सॅ कॅथीड्रल

शेजारींच संत कॅथरीनचें प्रधान मंदिर आहे. गोवें तिच्या सणाच्या दिवशीं जिंकलें म्हणून तें तिला अर्पण केलें. काम १५६२ सालीं सुरू झालें, इमारत १६१९ सालीं उभी राहिली, आणि आंतील वेद्या पुऱ्या होण्यास १६५२ साल उजाडलें. लांबी सुमारें ७६ मीटर व रुंदी सुमारें ५५ मीटर. आशियांतील मोठ्या ख्रिस्तमंदिरांत त्याची गणना होते. दर्शनी भागास पूर्वीं दोन मनोरे होते. त्यांतला एक १७७६ सालीं कोसळला. उरलेल्या मनोऱ्यांत "सोन्याची घंटा" म्हणून ओळखली जाणारी मोठी घंटा आहे. तिचें नांव तिच्या गोड आवाजामुळें पडलें आहे.

घंटेवरून आम्हीं मुलांस आपल्याकडची एक गोष्ट सांगितली. १७३९ सालीं चिमाजी आप्पांनीं वसई घेतली, तेव्हां तेथील मंदिरांतल्या घंटा देशावर आल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळांत व भीमाशंकरास आजहि पोर्तुगीज घंटा टांगलेल्या आहेत. आमच्यांतील कित्येकांनीं त्या पाहिल्या होत्या, पण त्या कोठून आल्या हें कोणासच माहीत नव्हतें.

मुख्य वेदीवर संत कॅथरीनच्या चरित्रांतील प्रसंग कोरलेले आहेत. ती अलेक्झांड्रिया नगरींतील विदुषी. परंपरा सांगते कीं, बादशहानें तिच्याशीं वाद घालण्यास आणलेले पंडित तिनें निरुत्तर केले, आणि शेवटीं तिचा शिरच्छेद झाला. विद्यार्थिनी त्या वेदीपुढें बराच वेळ उभ्या होत्या.

तेथेंच एका विद्यार्थिनीनें विचारलें, "सर, हीं मंदिरें बांधतांना इथलीं देवळें पाडलीं होतीं काय ?" सोबत सर्व धर्मांचीं मुलें होतीं. प्रश्न अवघड होता, पण टाळण्याजोगा नव्हता. आम्हीं जें खरें तें सांगितलें. सोळाव्या शतकाच्या मध्यावर पोर्तुगीज सत्तेनें आपल्या ताब्यांतील देवळें पाडविलीं. भक्तजन आपल्या मूर्ति घेऊन रातोरात नदीपार गेले. कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळास गेला, केळशीची शांतादुर्गा कवळ्यास गेली. १५६० सालीं स्थापन झालेलें धर्मन्यायासन मधलीं थोडीं वर्षें सोडतां १८१२ पर्यंत चाललें, आणि त्यानें हिंदूंस, यहुद्यांस व खुद्द ख्रिस्ती लोकांसहि छळलें. ज्यानें आपल्या शत्रूंवर प्रीति करावयास सांगितलें, त्याच्या नांवानें हें झालें, याची लाज आम्हां ख्रिस्ती लोकांस वाटली पाहिजे. सुंदर वस्तु पाहतांना तिच्या पायाखालचें दुःख झांकून ठेवणें हा खोटेपणा होय. आणि दुःख आठवून सौंदर्याकडे पाठ फिरविणें हा त्या कारागिरांवर अन्याय होय. दोन्ही गोष्टी एकत्र मनांत धरतां येणें हेंच इतिहासाचें शिक्षण.

५. बोम जेझू आणि एक गवंडी

दुपारीं आम्ही बोम जेझू, म्हणजे "भला येशू"च्या मंदिरास गेलों. पाया १५९४ चा, अर्पणविधि १६०५ चा. या मंदिरांत संत फ्रान्सिस झेवियरचे अवशेष आहेत. झेवियर १५४२ सालीं गोव्यास आला, १५५२ सालीं चीनच्या किनाऱ्याजवळ वारला, आणि १६२२ सालीं त्यास संतपद दिलें गेलें. त्याची चांदीची पेटी १६३६-३७ च्या सुमारास गोव्याच्याच सोनारांनीं घडविली. तिच्यावर त्याच्या चरित्रांतील प्रसंग आहेत. पेटीखालचा संगमरवरी चौथरा इटलींतील फ्लॉरेन्स येथील शिल्पकार फोज्जिनी याचा. तो टस्कनीच्या तिसऱ्या कोझिमोनें पाठविला व १६९८ सालीं येथें उभारला गेला. वर गोव्याची चांदी, खालीं इटलीचा संगमरवर ! परंतु फोज्जिनीचें नांव सर्व पुस्तकांत आहे, आणि पेटी घडविणारे मात्र केवळ "गोव्याचे सोनार" म्हणून उरले आहेत.

हें असें कां व्हावें ? १५६७ साली गोव्यांत भरलेल्या धर्मपरिषदेनें हिंदु कारागिरांकडून ख्रिस्ती मूर्ति, चित्रें व क्रूस करवून घेण्यास मनाई केली होती. जी गोष्ट कोणी करीत नाहीं तिला मनाई करावी लागत नाहीं. यावरून तें काम त्यांच्याकडून होत असे हें उघड आहे. गोमंतकांतील कांहीं मंदिरांत उपदेशकाच्या व्यासपीठाखालीं नागकन्यांसारख्या आकृति आढळतात, त्या कोणाच्या हातच्या हें सांगावयास नको.

आमच्याबरोबर एका विद्यार्थ्याचे वडील पालकांच्या वतीनें आले होते. धंद्यानें ते गवंडी, शिक्षण चौथीपर्यंत. मुलगा वर्गांत हुशार. परंतु गाडींत बसल्यापासून तो वडिलांपासून जरा दूर दूरच राही, हें आमच्या ध्यानांत आलें होतें. मंदिराच्या दर्शनी भागापुढें आम्ही मुलांस स्तंभांचे प्रकार समजावून देत होतों. इतक्यांत ते गृहस्थ पुढें झाले, त्यांनीं खांबाच्या काळ्या दगडावर तळहात ठेविला व हळूच म्हणाले, "सर, भिंत इथल्या दगडाची हाय, पन ह्यो काळा आपल्याकडचाच. ह्याला छिन्नी लावली की घंटेवानी वाजतो."

आम्ही चकित झालों. आमच्या टिपणवहींत तेंच लिहिलेलें होतें ! भिंती गोव्याच्या तांबड्या जांभ्याच्या, आणि नक्षीचा काळा दगड वसईच्या बाजूनें समुद्रमार्गें आणलेला. वसईचा तो दगड आणि आपल्या नगरचा काळा पाषाण हे एकाच लाव्ह्यापासून झाले आहेत. आम्हीं हें वाचून जाणलें होतें. त्यांनीं हातानें जाणलें.

मग मुलांनीं त्यांस घेरलें. जांभा खाणींतून काढतांना मऊ असतो व वाऱ्यावर कठीण होतो, पण तो सच्छिद्र असल्यामुळें पाणी पितो. म्हणून त्यास चुन्याच्या गिलाव्याची गरज असते, असें त्यांनीं समजावून दिलें. त्यांस ठाऊक नव्हतें कीं, याच मंदिराचा बाहेरचा गिलावा १९५० नंतरच्या दशकांत काढून टाकण्यांत आला, आणि उघडा जांभा पावसानें झिजत असल्याची तक्रार अनेक वर्षें चालूं आहे. जाणकारांत ज्याविषयीं वाद चालतो, तें आमच्या गवंड्यानें एका दृष्टिक्षेपांत ओळखलें. त्या संध्याकाळीं वडिलांची पिशवी मुलाच्या खांद्यावर होती. आम्हीं त्याविषयीं एक अक्षरहि काढलें नाहीं.

६. पडका मनोरा

उन्हें उतरल्यावर आम्ही पुन्हां टेकडीवर, संत ऑगस्टीनच्या अवशेषांपाशीं गेलों. १८३५ सालीं येथील मठवासी घालविले गेले. देखरेख संपली. १८४२ सालीं छत कोसळलें, १९३१ सालीं दर्शनी भाग पडला. आतां सुमारें ४६ मीटर उंचीच्या मनोऱ्याचा अर्धाच भाग आकाशांत उभा आहे. येथील घंटा पणजीच्या मंदिरांत वाजते. जॉर्जिया देशाच्या केतेवान राणीनें इराणच्या शहापुढें आपला धर्म सोडण्याचें नाकारलें, म्हणून १६२४ सालीं तिचा वध झाला. तिचे कांहीं अवशेष येथें पुरले होते. उत्खननांत अस्थि सांपडल्या, हैदराबादच्या शास्त्रज्ञांनीं त्यांची परीक्षा केली, आणि २०२१ सालीं भारत सरकारनें अवशेषांचा भाग जॉर्जियास अर्पण केला. चारशें वर्षांनीं एक राणी घरीं पोंचली.

या सर्व मंदिरांस १९८६ सालीं जागतिक वारशाचा मान मिळाला आहे. मान मिळाला म्हणून दगड टिकत नाहीं. तो टिकतो पाहणाऱ्यांच्या शहाणपणानें. भिंतीवर खिळ्यानें नांव कोरणाऱ्यानें एवढेंच ध्यानांत घ्यावें कीं, ज्यांनीं ती भिंत बांधली त्यांनीं स्वतःचें नांव लिहिलें नाहीं.

७. आपल्या मंदिरांविषयीं

परतीच्या वाटेवर एका मुलानें विचारलें, "सर, आपल्या चर्चमध्यें चित्रें कां नाहींत ?" नगरास १८३१ सालीं आलेल्या मिशनऱ्यांची परंपरा निराळी होती. देवाची मूर्ति करूं नये, शब्द ऐकावा, अशी त्यांची शिकवण. म्हणून आपल्या भिंती साध्या. परंतु सौंदर्याची भूक मनुष्यास असतेच. गोव्यांत ती डोळ्यांच्या वाटेनें भागली, आपल्याकडे कानांच्या. रेव्ह. नारायण वामन टिळकांनीं ख्रिस्ती भजनास मराठी गळा दिला. कीर्तनांत टाळ-मृदंग आले. आणि गोव्यासहि शब्दाचें वावडें नव्हतें. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटानें ओवीबद्ध मराठींत लिहिलेलें ख्रिस्तपुराण १६१६ सालीं राशोल येथें छापलें गेलें. म्हणजे आपण दूरचे वाटलों तरी भाषेनें शेजारीच आहों.

साध्या भिंतीहि कोणीतरी बांधल्या आहेत. आपल्या जिल्ह्यांत खेडोपाडीं लहान लहान प्रार्थनामंदिरें आहेत. त्यांच्या कोनशिलेवर देणगीदाराचें नांव असतें. दगड घडविणाऱ्याचें बहुधा नसतें. गोव्याच्या सोनारांचीं नांवें शोधण्यास आतां फार उशीर झाला. आपल्या गवंड्यांचीं नांवें विचारण्यास मात्र अजून उशीर झालेला नाहीं. गांवांतील म्हातारींकोतारीं माणसें तीं सांगूं शकतील.

विद्यार्थ्यांस अभ्यास

१. आपल्या गांवांतील सर्वांत जुनें देऊळ, मशीद अथवा ख्रिस्तमंदिर पाहा. दगड कोणता, तो कोठून आणिला, गिलावा कशाचा, हें लिहा.

२. तें कोणीं बांधविलें व कोणीं बांधलें, हीं दोन नांवें निरनिराळीं शोधा.

३. मोबाईलनें चित्र घेण्यापूर्वीं दहा मिनिटें त्या वस्तूपुढें बसून तिची नक्कल वहींत काढा. जें चित्रांत दिसलें नसतें असें काय दिसलें, तें टिपा.

४. संत फ्रान्सिसच्या मंदिरांतील तो प्रश्न, भिंतीवर दारिद्र्य व वेदीवर सोनें, घरीं आईबापांस विचारा व त्यांचें उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहून आणा.

पहिलें उत्तर आमच्या हातीं आलेंच आहे. त्या गवंड्याच्या मुलानें आपल्या गांवच्या प्रार्थनामंदिराविषयीं दोन पानें लिहून दिलीं. बांधणाऱ्यांचीं सात नांवें त्यानें शोधून काढलीं आहेत, आणि त्यांत चौथें नांव त्याच्या आजोबांचें आहे.